घरी बसून केलेला गेम स्पर्धेला कसा पाठवावा: कोकणातल्या नवख्यांसाठी

कॉलेज किंवा नोकरी सांभाळून रात्री गेम बनवणारी मुलं आता सावंतवाडी, कुडाळ, चिपळूण, अलिबाग अशा सगळीकडे भेटतात. त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "गेम अजून पुरा झाला नाही, तरी स्पर्धेला पाठवला तर चालेल का?" खुशाल पाठवा. इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं, म्हणजे आयजीएफचं, सगळ्यात मोठं बक्षीस २०१५ साली 'आउटर वाइल्ड्स'ला मिळालं, तेव्हा तो गेम बाजारात आलेलाच नव्हता. तो आला २०१९ मध्ये.

परीक्षकांची बाजूही समजून घ्या. बहुतेक ठिकाणी ही मंडळी हौसेने, स्वतःचं काम सांभाळून परीक्षण करतात. समोर गेमची लांबलचक यादी असते आणि रात्रीचे दोन तास हाताशी. तुमच्या वाट्याला पहिली पंधरा-वीस मिनिटं नक्की येतात, पुढची मिळवावी लागतात. खाली जे सांगतोय ते सगळं ही पंधरा मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून.

कुठे पाठवायचं

नवखा माणूस दिसेल त्या स्पर्धेचा फॉर्म भरत सुटतो. तसं करू नका. वर्षाला तीन-चार जागा निवडा आणि त्या नीट करा.

आयजीएफ हा १९९९ पासून बक्षिसं देणारा जुना मानाचा महोत्सव. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला मार्चमध्ये भरणाऱ्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्याचा सोहळा होतो. मुख्य बक्षिसाशिवाय दृश्यकला, ध्वनी, डिझाइन, कथन, विद्यार्थ्यांचा गेम आणि चाकोरीबाहेरच्या प्रयोगांसाठी 'नुओवो' असे वेगवेगळे विभाग आहेत. आधी बरेच परीक्षक गेम खेळून शिफारशी करतात, मग प्रत्येक विभागाची वेगळी ज्युरी अंतिम यादी ठरवते. त्यामुळे तुमच्या गेमचं आवाजाचं काम जबरदस्त असेल आणि बाकी बेताचं, तरी तो मागे पडतोच असं नाही.

गेम विचित्र असेल, कलेकडे झुकणारा असेल, तर बर्लिनचं 'ए मेझ' बघा. जपानकडे नजर असेल तर क्योटोला २०१३ पासून भरणारं 'बिटसमिट' आहे. 'डे ऑफ द डेव्हज' आणि 'होलसम डायरेक्ट' ही निवडक गेमची ऑनलाइन दाखवणी आहेत. तिथे बक्षीस मिळत नाही, पण एका संध्याकाळी जगभरातले हजारो लोक तुमचा गेम बघतात, आणि पहिल्या गेमच्या वेळी मला तरी ते ट्रॉफीपेक्षा जास्त कामाचं वाटतं. शेतीचा, मासेमारीचा, स्वयंपाकाचा शांत गेम असेल तर 'होलसम'ला पाठवून बघाच.

आपल्याकडे इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स आहे. अनेक वर्षं ती हैदराबादला भरत आली. तिथे स्वतंत्र गेमना मांडायला जागा आणि पुरस्कार दोन्ही असतात. विमानाच्या तिकिटावर खर्च करण्याआधी हे दार ठोठावा. ओळखी होतात, व्हिसा लागत नाही आणि आपल्यासारखेच अडखळत शिकलेले लोक भेटतात.

काहीच पुरं झालेलं नसेल तर जॅमपासून, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमापासून, सुरुवात करा. जानेवारीच्या अखेरीस होणारा ग्लोबल गेम जॅम २००९ पासून चालू आहे, आणि लुडम डेअर तर त्याच्याही आधीपासून, २००२ पासून. दोन-तीन दिवसांत छोटा गेम पुरा करून लोकांसमोर ठेवायची सवय लागली की पुढचे फॉर्म भरताना हात थरथरत नाहीत.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा 'नेक्स्ट फेस्ट' ही स्पर्धा म्हणून गणू नका. फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये आठवडाभर चालणारा तो डेमोंचा बाजार आहे. एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो, तोही विक्रीला यायच्या आधी. ही एकुलती एक संधी उत्साहाच्या भरात कच्च्या डेमोवर उधळून टाकणारे खूप पाहिलेत. महोत्सवांत गेम घासूनपुसून घ्या, नेक्स्ट फेस्ट शेवटी ठेवा.

फी, कार्ड आणि घड्याळ

एक साधी शीट करा: स्पर्धेचं नाव, फी, शेवटची तारीख, तिथला टाइम झोन, काय काय मागितलंय, निकाल कधी. फी डॉलर किंवा युरोत असते. काही ठिकाणी ती माफही होते, पण त्यासाठी शेवटच्या तारखेच्या बरंच आधी नम्र मेल करून विचारावं लागतं. स्टीमवर पान उघडायचं तर प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. गेमने हजार डॉलरची विक्री गाठली की ते परत मिळतात.

आपल्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा घाला आणि आठवडाभर आधी एखादा छोटा व्यवहार करून बघा. शेवटच्या रात्री ओटीपीची वाट बघत बसायची वेळ येऊ देऊ नका. गावात एकाच कोपऱ्यात रेंज येत असेल, तर तिथे खुर्ची टाकून बसावं लागतं हे तुम्हाला सांगायला नको.

वेळेचं गणित असं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रात्री ११:५९ ची मुदत असेल, तर उन्हाळी वेळेत आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे १२:२९ वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग तीच मुदत आपल्याकडे दुपारी १:२९ ला संपते. म्हणजे अर्धा दिवस हातात जास्त मिळतो. पण तो कामाचा दिवस असतो आणि देखभालीसाठी लाइट नेमकी तेव्हाच घालवतात. आदल्या संध्याकाळीच पाठवून मोकळे व्हा.

पहिली पंधरा मिनिटं

सुरुवातीला तीन स्टुडिओंचे लोगो, मग दोन मिनिटांची प्रस्तावना, मग 'कसं खेळायचं'चं पान, हे सगळं काढून टाका. निदान एका बटणाने ओलांडता येऊ द्या. खेळाडूच्या हातात मिनिटभरात काहीतरी यायला हवं. गेमचा सर्वांत सुंदर भाग तिसऱ्या तासाला येत असेल तर परीक्षकांसाठी मेनूत 'थेट प्रकरण तीन' अशी सोय ठेवा आणि फॉर्ममध्ये एका ओळीत सांगा.

चाचणीसाठी आपल्याकडे एक हुकमी काळ असतो: गणपती. मुंबई-पुण्याचे चाकरमानी, त्यांची मुलं, भाचरं, शेजारपाजार, सगळे पडवीत असतात. लॅपटॉप पुढे ठेवा, "खेळ बघू" म्हणा आणि गप्प बसा. खरंच गप्प. भाचा चुकीच्या दारावर दहा वेळा क्लिक करत राहिला तरी "अरे ते दुसरं" म्हणायचं नाही, वहीत लिहायचं. परीक्षकाच्या शेजारी तुम्ही नसणार. एरवी मोबाइलवर फक्त रमी खेळणाऱ्या काकांनाही बसवा, ते कंट्रोलर कसा धरतात तेवढं बघितलं तरी दिवसभराचं काम कळतं. आरतीची वेळ झाली की माणसं खेळ अर्ध्यात टाकून उठतात. परत येऊन कोण आपणहून बसतं ते लक्षात ठेवा. त्याहून प्रामाणिक अभिप्राय कुठला फॉर्म देणार नाही.

बिल्ड, म्हणजे खेळायला तयार केलेली गेमची फाइल, दुसऱ्या कोऱ्या संगणकावर चालवून बघितल्याशिवाय पाठवू नका. तुमच्या मशीनवर इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या सगळ्या लायब्ररी असतात, परीक्षकाकडे नसतात. विंडोजवर अनोळखी फाइल उघडताना निळा इशारा येतो, त्यातून पुढे कसं जायचं ते सोबतच्या टिपेत लिहा. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती देता आली तर उत्तम. वापरकर्त्याच्या फोल्डरचं नाव देवनागरीत असलं की काही गेम सेव्हच करत नाहीत, तेही तपासा.

आता मराठीचा मुद्दा. गेम मराठीत असावाच, पण जगभरच्या स्पर्धेला पाठवताना इंग्रजी मजकूर सोबत लागतो. पहिल्यांदा उघडताना गेम इंग्रजीत सुरू होऊ दे आणि मेनूत मराठी ठेवा. संवाद मराठीत बोललेले असतील तर ते तसेच ठेवा, खाली इंग्रजी सबटायटल द्या.

देवनागरी पडद्यावर नीट उमटणं हे वेगळंच दुखणं आहे. चाचणीसाठी एक वाक्य देतो: 'किनाऱ्यावर दर्या उसळला, क्षितिजावर श्रावण'. हे तुमच्या गेममध्ये टाका. 'कि'ची वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसली, 'ऱ्या'तला र तुटून वेगळा पडला, 'र्या'चा रफार दिसला नाही, 'क्ष' आणि 'श्र' पाय मोडल्यासारखे आले, तर इंजिन अक्षरं जोडतच नाहीये, नुसती ओळीने मांडतंय. युनिटी या इंजिनच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागात हा त्रास जुना आहे. गोडो हे इंजिन फुकट आहे आणि २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरं सरळ उमटतात. फॉन्टसाठी 'मुक्त' घ्या, परवाना खुला आहे. पिक्सेल आर्टचा गेम असेल तर इंग्रजी अक्षराला पुरते त्याच्या निदान दुप्पट उंची मराठी ओळीला धरा. वर मात्रा, खाली उकार, मधे काना, सगळं आठ पिक्सेलमध्ये कोंबलं की मुंग्या दिसतात.

मराठी वाचता न येणाऱ्या परीक्षकाला मोडलेली वेलांटी कळणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण तुमचा ट्रेलर सर्वांत आधी गावातल्याच ग्रुपवर फिरणार आहे.

इथलं जग परक्याला कसं दाखवायचं

समजा तुमचा गेम रापणीवर आहे. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, माणसं दोन रांगांत उभी राहून ओढतात, शेवटी मासळीचे वाटे पडतात. बर्लिनच्या परीक्षकाला यातलं काही माहीत नाही. म्हणून सुरुवातीला रापणीच्या इतिहासाची दोन पानं दिलीत तर तो ती वाचणार नाही. त्याच्या हातात दोर द्या. डावी रांग जोरात ओढतेय आणि उजवी मागे पडतेय, जाळं तिरकं होतंय, मासळी निसटतेय, एवढं बोटांना कळलं की रापण कळली. वाटे करताना विधवेच्या वाट्याला किती ठेवायचं हा निर्णय खेळाडूकडे आला की गावही कळलं.

२०२४ चं आयजीएफचं मुख्य बक्षीस 'वेनबा'ला मिळालं. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाचा गेम, त्यातली आई इडली-बिर्याणी करते. पाककृतीच्या वहीतली पुसट झालेली पायरी खेळाडूलाच शोधावी लागते, त्यामुळे इडलीपात्र कधी न पाहिलेला माणूसही ताटल्यांचा क्रम जुळवत बसतो. आपल्या पुण्यात बनलेला 'राजी' २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकित होता. गोष्ट इथली असल्यामुळे बाहेर चालणार नाही, ही भीती मनातून काढून टाका.

मात्र इथलं घेताना इथल्यांना विचारा. पिंगुळीच्या चित्रकथीची चित्रं, दशावतारातल्या कलाकाराचा आवाज, सावंतवाडीच्या गंजिफांची नक्षी, शिमग्यातले ढोल, हे सगळं माणसांचं आहे. ध्वनिमुद्रण केलंत तर एका पानावर मराठीत करार लिहा: काय वापरणार, कुठे, मोबदला किती, श्रेयनामावलीत नाव कसं येणार. दोघांच्या सह्या. स्पर्धेचा फॉर्म "सर्व हक्क तुमच्याकडे आहेत का?" असं विचारतो आणि तिथे खूण करताना मनात किंतु नको. सिनेमाचं गाणं पार्श्वभूमीला तर मुळीच नको, ट्रेलर काढून टाकला जातो. एआयने केलेली चित्रं किंवा आवाज असतील तर तसं लिहा. स्टीमवर २०२४ च्या जानेवारीपासून ते जाहीर करावंच लागतं, आणि परीक्षकांचं याबाबतचं मत बहुधा कडक असतं.

ट्रेलर, चित्रं, फॉर्म

ट्रेलर मिनिटभराचा. पहिल्या पाच सेकंदांत खेळ दिसू दे. ड्रोनमधून घेतलेला समुद्र गेममध्ये नसेल तर ट्रेलरमध्येही नको. पडद्यावरचं मुद्रित करणारं ओबीएस फुकट आहे, १९२० बाय १०८० मध्ये सेकंदाला ६० फ्रेमने मुद्रण करा. स्क्रीनशॉट पाच-सहा, प्रत्येकात वेगळं काहीतरी घडतंय असे. मेनूचा एकही नको.

फॉर्ममधलं वर्णन लिहिताना माणसं अचानक जाहिरातीच्या भाषेत शिरतात: "कोकणच्या निसर्गरम्य पार्श्वभूमीवर भावभावनांचा थरारक प्रवास." यातून काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते. तुमच्याकडे फाटकं जाळं, उधारीचं डिझेल आणि सात दिवस आहेत. गावातली कोण माणसं होडीत घ्यायची ते ठरवा." खेळाडू कोण, करतो काय, अडचण काय, हे तीन वाक्यांत आलं पाहिजे. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजी करा आणि इंग्रजी चांगलं असलेल्या एखाद्या मास्तरांना किंवा मैत्रिणीला वाचायला द्या. व्याकरणाच्या लहानसहान चुकांनी कुणी गेम नाकारत नाही, पण गोंधळलेल्या वर्णनाने परीक्षक चुकीची अपेक्षा घेऊन बसतो.

'परीक्षकांसाठी टीप' अशी चौकट असेल तर ती रिकामी सोडू नका. किती वेळ लागेल, कुठली बटणं, माहीत असलेले दोष कोणते, अडकल्यास काय करायचं. "दुसऱ्या दिवशी होडी खडकात अडकली तर एस्केप दाबून 'दिवस पुन्हा' निवडा" या एका ओळीने गेम वाचतो.

अपलोड

दीड जीबीचा बिल्ड दोन एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला साधारण शंभर मिनिटं लागतात, तेही मधे काही तुटलं नाही तर. पावसाळ्यात झाड पडून वायर तुटते, इन्व्हर्टरवर राउटर चालतो पण मागचा टॉवरच बसलेला असतो. म्हणून पहिला मोठा बिल्ड निवांत वेळी, मध्यरात्रीनंतर, आधीच चढवून ठेवा. इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या संकेतस्थळाचं 'बटलर' नावाचं साधन नंतर फक्त बदललेला भाग पाठवतं, स्टीमचंही तसंच. शेवटच्या दिवशी मग काही एमबींचंच काम उरतं आणि ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होतं. न वापरलेली टेक्स्चर, कॉम्प्रेस न केलेला आवाज काढला की दीड जीबीचे पाचशे एमबी व्हायला वेळ लागत नाही.

चढवल्यावर पुण्या-मुंबईतल्या मित्राला तीच लिंक आणि तोच पासवर्ड द्या आणि उतरवून चालवायला सांगा. तुम्ही लॉगिन असल्यामुळे तुम्हाला दिसणारं पान परक्याला कधीकधी दिसतच नाही. निकाल लागेपर्यंत ती लिंक बदलू नका, पासवर्ड बदलू नका. नवीन बिल्ड टाकायला नियमांत परवानगी असली तरी रात्री दोनला केलेली 'छोटीशी दुरुस्ती' टाकू नका.

निकालानंतर

निवड झाली आणि जायचं असेल तर पासपोर्ट आधीपासून हातात हवा. जर्मनीसारख्या शेंगेन देशांची व्हिसा फी जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, वर विमा, तिकीट, राहणं. आयोजकांकडून निमंत्रणपत्र लगेच मागून घ्या आणि प्रवासखर्चाला मदत मिळते का तेही त्याच मेलमध्ये विचारा. विचारण्यात कमीपणा काही नाही. जाता येत नसेल तर तसं वेळेत कळवा. गेम तिथे मांडून ठेवणारे स्वयंसेवक बऱ्याचदा मिळतात.

मांडणीसाठी वेगळा डेमो करा: दहा मिनिटांत संपणारा, मिनिटभर कुणी हात लावला नाही की आपोआप पहिल्या पडद्यावर येणारा, आवाज नसतानाही कळणारा. हेडफोनचे दोन जोड, जास्तीचा कंट्रोलर, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड आणि तिथल्या सॉकेटचा अडॅप्टर बॅगेत टाका.

निवड झाली नाही तर कारण विचारणारा मेल करू नका, बहुतेकांकडे उत्तर द्यायला माणूस नसतो. काही स्पर्धा परीक्षकांचे शेरे पाठवतात. दोन वेगवेगळ्या परीक्षकांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल तर ती जागा दुरुस्त करा, एकट्याच्या आवडीनिवडीवर गेम बदलत बसू नका. ट्रेलर, वर्णन, चित्रं तयारच आहेत, शीट उघडा आणि पुढची तारीख बघा. 'उल्लेखनीय' म्हणून नाव आलं असेल तर आयोजकांनी दिलेलं चिन्ह ट्रेलरच्या सुरुवातीला आणि स्टीमच्या पानावर लावा. 'विजेता' मात्र लिहू नका, लोक यादी उघडून बघतात.